हिरवीगार बडीशेप... व्हाया उंझा

बिलाबरोबर येणारी बडीशेप आपण सगळेच चिमूटभर उचलतो. पण ती झाडावर कशी दिसते, हे पाहिलंय कधी? एका लग्नाच्या निमित्ताने उत्तर गुजरातला गेले, आणि येताना एका घराच्या मागच्या वाड्यातलं मूठभर बी घेऊन आले. त्याचं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

हॉटेलात जेवण होतं, बिलाचं काळं फोल्डर येतं आणि त्याच्यासोबत एक छोटी वाटी. बडीशेप आणि खडीसाखर. गप्पा मारता मारता आपला हात आपोआप तिकडे जातो. आता खरं सांगा, त्या वाटीतल्या बडीशेपेकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय?

मीही नव्हतं पाहिलं. आणि माझ्याइतकी बडीशेप अख्ख्या बाणेर रोडवर कुणी खाल्ली नसेल!

कारण अगदी साधं होतं. ऑफिसखालच्या टपरीवर माझा संध्याकाळचा क्रम ठरलेला असायचा. आधी कटिंग, मग सिगरेट, मग एक रुपयाची बडीशेपेची पुडी. पहिल्या नोकरीपासून, म्हणजे तब्बल आठ वर्षं. पुडी तोंडात रिकामी करायची, हात धुवायचे, स्कार्फ बदलायचा आणि मग टू-व्हीलर कोथरूडच्या दिशेने. घरी आई-बाबा. दार उघडताना तोंडाला वास बडीशेपेचाच यायला हवा! पर्सच्या आतल्या कप्प्यात एक स्टॅण्डबाय डबीही असायची. थोडक्यात काय, तर बडीशेप माझ्यासाठी खायची गोष्ट नव्हतीच. ती एक पडदा होती.

बाबांची डबी

गेल्या वर्षीच्या जानेवारीत बाबा दाढ दुखते म्हणून डेंटिस्टकडे गेले. दाढेचं काम दहा मिनिटांत झालं. पण गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी विचारलं, ‘तंबाखू किती वर्षं?’ बाबा म्हणाले, ‘तीस.’

बाबांची ती स्टीलची, दोन तोंडांची डबी मी लहानपणापासून पाहत आलेय. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. तळहातावर मळायची, दोन चापट्या मारायच्या, चिमूट गालात. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तंबाखू आजपासून बंद, आणि दर सहा महिन्यांनी येऊन तोंड दाखवायचं.

त्या रात्री मी बाबांना जे लेक्चर दिलं, ते आठवलं की आजही कान गरम होतात. ‘तुम्हाला आमची काही काळजी आहे की नाही?’ वगैरे वगैरे. बाबा मान खाली घालून ऐकत होते. आणि माझ्या तोंडाला बडीशेपेचा मस्त वास येत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती डबी घासूनपुसून लख्ख केली. चुन्याच्या बाजूला खडीसाखर भरली, तंबाखूच्या बाजूला बडीशेप. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘बडीशेपेने तलफ जात नाही हं. हाताला आणि तोंडाला काम मिळतं, एवढंच.’ बाबा म्हणाले, ‘एवढं मिळालं तरी पुष्कळ.’

म्हणजे आता घरात बडीशेप खाणारे आम्ही दोघं झालो. एक सोडण्यासाठी खाणारा आणि एक लपवण्यासाठी.

चला उंझाला!

फेब्रुवारीच्या शेवटी ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न निघालं. त्यांचं गाव उंझाजवळ. उंझा कुठे, तर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात, अहमदाबादच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, पालनपूरकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर. ‘येच तू,’ मैत्रीण म्हणाली, ‘तुला तुझ्या माहेरी नेते.’ ‘माझं माहेर?’ ‘मग! पुण्यात तू रोज जी बडीशेप चघळतेस ना, ती बहुतेक आमच्याच मार्केटमधून येते.’

रात्रीच्या ट्रेनने अहमदाबाद आणि तिथून गाडीने पुढे. मेहसाणा मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एरंडाची शेतं दिसू लागली. मध्येच पिवळ्या रंगाचे पट्टे. मी म्हटलं, ‘अय्या, मोहरी!’ मैत्रिणीने गाडी थांबवायला लावली. ‘उतर आणि बघ.’

मोहरी नव्हतीच ती. छातीपर्यंत उंच झाडं, शेपूसारखी बारीक, मोरपिसासारखी मऊ पानं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक पिवळी छत्री. अगदी उलटी झालेली छत्री म्हणा ना! एका दांड्यातून निघालेल्या वीस-पंचवीस बारीक काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला फुलांचा इवलासा झुपका. काही छत्र्यांवर फुलं, काहींवर हिरवे दाणे, तर काही पिवळट होऊ लागलेल्या. सगळं एकाच झाडावर! पान चुरगाळलं आणि... तोच वास. हॉटेलातल्या वाटीचा, बाबांच्या डबीचा, माझ्या पर्सचा. फक्त जिवंत. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. एखाद्याला आठ वर्षं फक्त कामापुरता फोन करावा आणि मग अचानक त्याच्या घरी जेवायला जावं, तसं काहीसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंझाचं मार्केट यार्ड. मसाल्याच्या धंद्यात उंझाचं नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही. जिरं, बडीशेप, इसबगोल, ओवा, धणे, मेथी. गुजरात आणि शेजारच्या राजस्थानातला माल इथे येतो. पोत्यांच्या लांबच लांब रांगा, त्यामधून सरकणारा लिलावाचा घोळका, भराभर चढत जाणारे आकडे. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे बाहेर काढतो, तळहातावर पसरून रंग बघतो आणि नाकाशी नेतो. बास, तेवढ्यात त्याचा भाव ठरतो! हवेत जिऱ्याचा असा काही खमंग धुरळा असतो की पहिली दहा मिनिटं मी नुसती शिंकत होते.

गावात उमिया मातेचं मोठं मंदिर आहे. कडवा पाटीदार समाजाची ही कुलदेवी. देशोदेशीचे पाटीदार इथे दर्शनाला येतात. आणि वेळ असेल तर मोढेऱ्याचं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव अजिबात चुकवू नका. दोन्ही अकराव्या शतकातली, सोळंकी राजांच्या काळातली. राणी की वाव 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि ती तुम्ही आधीच पाहिली आहे, खोटं वाटतं? जांभळट रंगाची शंभराची नोट उलटून बघा!

पण मला त्या ट्रिपमधलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर मैत्रिणीच्या घरामागचा वाडा.

बा आणि त्यांचा वाडा

आपल्याकडे वाडा म्हटलं की दिंडीदरवाजा आणि चौक. तिकडे घरामागच्या मोकळ्या जागेला वाडो म्हणतात, म्हणजे आपलं परसदार. मैत्रिणीच्या आईला घरातले सगळे ‘बा’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. लग्नघरात दीडशे माणसांचा राबता, आणि बा पहाटे सहाला एकट्याच वाड्यात. मोरीचं पाणी जिथून वाहतं, त्या कडेला बडीशेपेची आठ-दहा झाडं. शेजारी तुळस, लिंबू, कढीपत्ता. शेतात बिघ्याबिघ्याने बडीशेप असताना घरामागे आणखी कशाला?

‘शेतातली बाजाराची. ही घरची,’ बा म्हणाल्या. त्यांची भाषा गुजराती आणि हिंदीची गोड खिचडी. मला सगळं कळत होतं.

बडीशेपेला गुजरातीत वरियाली म्हणतात. बांच्या हातात एक छोटी कात्री होती. त्या प्रत्येक छत्री दोन बोटांत धरून बघायच्या आणि मगच कापायच्या. एका दिवशी चार-पाचच. ‘सगळ्या एकदम का नाही काढत?’ मी विचारलं. कारण बडीशेप एकदम पिकतच नाही. मधली छत्री आधी, बाजूच्या नंतर. त्यामुळे शेतातही चार-पाच वेळा हातानेच तोडणी करावी लागते.

मग बांनी मला तीन छत्र्या दाखवल्या. पहिलीतले दाणे बारीक, कोवळे, पोपटी. हे लवकर काढले की मुखवासाची बारीक, गोड बडीशेप. आपण दुकानात ‘लखनवी’ म्हणून जास्त पैसे मोजून घेतो ना, त्यातली बरीचशी करामत या लवकर काढण्यातच आहे. दुसरीतले दाणे भरलेले, पण अजून हिरवे. हे घरात रोजच्या खाण्याला. तिसरीतले जाड, पिवळट. हे मसाल्याला आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्याला. एकच झाड. फरक फक्त तुम्ही किती थांबलात, याचा.

आणि वाळवण? उन्हात नाही, सावलीत! ओसरीतल्या खाटेवर जुनं सुती धोतर पसरून त्यावर. उन्हात टाकली की रंग उडतो आणि वासही.

बांनी एक कोवळी छत्री माझ्या हातावर चुरडली. ‘खा.’ दाणा दाताखाली आला आणि आधी पाणी सुटलं, मग गोडवा, मग शेवटी हलकासा थंडावा. वाळलेल्या बडीशेपेतलं ते कोरडं काडीपण नव्हतंच. मी म्हटलं, ‘बा, अशी हिरवी पुण्यात कुठे मिळेल?’

‘मिळणार नाही. लावावी लागेल.’

निघताना त्यांनी एका कागदात जुनं, जाड बी बांधून दिलं. मी विचारलं, किती दिवसांत येईल? बा हसल्या. ‘बेटा, उतावळे आंबा न पाके.’ घाई केली म्हणून आंबे पिकत नाहीत!

तीन वेळा पेरणी

परतीच्या ट्रेनमध्ये मी ठरवून टाकलं, सिगरेट बंद. पुण्याला पोहोचले ती एकदम चार्ज होऊन. मार्चचा पहिला आठवडा. बांनी दिलेलं बी जपून ठेवावं आणि आधी प्रॅक्टिस करावी म्हणून मी किचनमधल्या डब्यातली बडीशेप कुंडीत पेरली. रोज सकाळी चहा घेऊन कुंडीपुढे. पंधरा दिवस झाले, वीस झाले, हिरवा ठिपकासुद्धा नाही. शेवटी आईने विचारलं, ‘कुठली पेरलीस गं?’ ‘हीच, डब्यातली.’ आई पाच मिनिटं हसत होती. ‘अगं, ती भाजलेली आहे!’

मग एप्रिलमध्ये बांचं अर्धं बी पेरलं. हे मात्र दहाव्या दिवशी उगवलं. हिरव्या दोऱ्यासारखी रोपं. पण पुण्याचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सगळी रोपं वाळून काड्या झाल्या. बडीशेपेला वाढायला थंडी लागते. आणि ऑफिसमध्ये तेव्हा अप्रेझलचा सीझन होता. एका संध्याकाळी रेटिंग कळलं आणि मी लिफ्टने सरळ खाली टपरीवर गेले. कटिंग, सिगरेट, पुडी. दोन महिन्यांची मेहनत सात मिनिटांत खलास.

त्याच दिवसांत एका कॉलवर मीटिंग सुरू व्हायच्या आधी गप्पा चालल्या होत्या. आमच्या क्लायंटकडचा मिलानचा एक जण कुठल्याशा सॅलडचं कौतुक करत होता. संत्र्याच्या फोडी आणि कच्चा ‘फिनोक्क्यो’. म्हणजे बडीशेपेचाच भाऊबंद! इटलीत तिचा एक प्रकार दाण्यांसाठी नाही, तर तळाशी फुगणाऱ्या गड्ड्यासाठी लावतात. हल्ली आपल्याकडेही मोठ्या सुपरमार्केटात तो पांढरा-हिरवा गड्डा दिसतो, कोबी आणि कांद्याच्या मधला काहीतरी वाटावा असा. मी माझ्या कुंडीची कहाणी सांगितली, तर तो म्हणाला, आमच्या भाषेत या भाजीवरून एक क्रियापदच आहे, ‘इनफिनोक्कियारे’. अर्थ? एखाद्याला गंडवणं. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की पूर्वी दारू विकणारे गिऱ्हाइकाला आधी बडीशेप खायला द्यायचे. तोंडात तो वास भरला, की दारू हलकी आहे हे कळायचंच नाही.

सगळे हसले. मी म्यूटवर होते.

मॅरेथॉन म्हणजे बडीशेप!

त्यानंतर मी बडीशेपेच्या मागेच लागले. आणि काय काय सापडलं म्हणून सांगू! मॅरेथॉन या शब्दाचं मूळ माहितीय? ग्रीक भाषेत ‘मॅराथॉन’ म्हणजे बडीशेप. जिथे इसवीसनपूर्व 490 मध्ये अथेन्सच्या सैन्याने इराणी फौजेला हरवलं, ते मैदान या झाडाच्या नावाने ओळखलं जायचं. म्हणजे दर वर्षी पहाटे उठून तुमचे जे मित्र बेचाळीस किलोमीटर पळतात ना, ते नावापुरते बडीशेपेच्या शेतातून पळतात! पोर्तुगालच्या मदेरा बेटाच्या राजधानीचं नाव फुंशाल. तेही बडीशेपेच्या पोर्तुगीज नावावरूनच.

आपलं नावही मजेशीर आहे. बडी-शेप, म्हणजे मोठी शेप. शेपू हा तिचा चुलतभाऊ, आणि बाळंतिणीला देतात ती बाळंतशेप म्हणजे शेपूचं बी. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा सगळे याच खानदानातले. सगळ्यांची फुलं छत्रीसारखी. आणि तो गोड वास येतो अ‍ॅनेथॉल नावाच्या द्रव्यामुळे. तेच चक्रीफुलातही असतं, म्हणून तर बिर्याणीत चक्रीफूल दाताखाली आलं की बडीशेपेची आठवण येते.

किचनमध्ये तर ती सगळीकडे आहे, आपलं लक्ष नसतं इतकंच. मालवणी मसाल्यात आहे, गोव्याच्या शाकुतीत आहे, बंगाल्यांच्या पाचफोडणात आहे. काश्मिरी मटणात सुंठीबरोबर तिची पूड असते. म्हणजे जेवणाच्या शेवटी जी येते असं आपण समजतो, ती बऱ्याचदा जेवणात आधीपासूनच असते.

ऑक्टोबर

तिसरी पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर. या वेळी बाबा सोबत होते. आता नऊ महिने झाले होते त्यांना तंबाखू सोडून, आणि रिकामे हात हा त्यांचा मोठा प्रॉब्लेम होता. पेपर वाचून झाला, फिरून झालं, की बोटं आपोआप तळहातावर चोळायला लागायची. मी म्हटलं, ‘बाबा, कुंड्या भराल?’

बाबांनी तीन खोल कुंड्या आणल्या. बडीशेपेचं मुख्य मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, उथळ ट्रे तिला चालत नाही. आणि घरच्या घरी लावताना रोप उपटून दुसरीकडे हलवण्यापेक्षा जिथे वाढवायची तिथेच पेरलेली बरी. माती, कंपोस्ट, थोडं कोकोपीट. बी रात्रभर पाण्यात भिजवलं, अर्धा इंच खोल टाकलं आणि वर मातीची चादर. दहाव्या-बाराव्या दिवशी बाबांनी मला ऑफिसात फोन केला. मी स्टँडअपमध्ये होते. ‘आली गं!’ एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

दिवाळीपर्यंत टिचभर उंच झाली. मग नको असलेली रोपं काढून एका कुंडीत दोनच ठेवली. ती काढलेली रोपं आईने वरणात टाकली. तुम्ही ही पानं खाऊन बघाच. काकडीच्या कोशिंबिरीत, थालीपिठाच्या पिठात, दह्यात. शेपूसारखीच दिसतात, पण शेपूला नाकं मुरडणारी माणसंही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

डिसेंबरमध्ये मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या किड्यांची दाटी. मी कुठलं तरी जालीम औषध मागवायच्या बेतात होते. बाबा म्हणाले, ‘खायची वस्तू आहे ती.’ त्यांनी पाण्याची धार मारली, थोडं साबणाचं पाणी फवारलं. चार दिवसांनी पानांवर काळ्या अंगाचे, नारिंगी ठिपक्यांचे, छोट्या मगरीसारखे किडे दिसायला लागले. बाबा ते चिरडणार तेवढ्यात मी मोबाइलवर फोटो ताडून पाहिला. लेडीबगची पिल्लं! मावा हेच त्यांचं जेवण. त्यानंतर बाबांनी साबण बंद केला आणि रोज सकाळी भिंग घेऊन बाल्कनीत ‘मॅच’ बघायला बसू लागले. स्कोअर आम्हाला चहाबरोबर कळायचा.

आणि माझं? ऑगस्टमध्ये मी परत सोडली होती. या वेळी ट्रेनमध्ये शपथ घेऊन नाही. डॉक्टरांकडे जाऊन, निकोटिन गम घेऊन. टपरीवरचा चहा बंद करून वरच्या पॅन्ट्रीतला पाणचट चहा पीत. संध्याकाळी सहा ते सात हा तास वाईट जायचा. तेव्हा घरी फोन करायचा आणि विचारायचं, आज किती उंच? बाबा खरोखर फूटपट्टी घेऊन मोजायचे.

जानेवारीच्या मध्यावर पहिली पिवळी छत्री उघडली. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कुठून आल्या, देव जाणे.

कुठल्या तोंडाने?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पहिली तोडणी केली. बाबा कात्री घेऊन, मी ताट घेऊन. बांसारखंच दोन बोटांत धरून, बघून. तीन कुंड्या, सहा झाडं, माणूस-दीड माणूस उंचीची स्वप्नं मी पाहिली होती. प्रत्यक्षात झाडं छातीला लागत होती आणि सगळी मिळून पहिली तोडणी भरली एक वाटी! दुकानात तेवढी वीस रुपयांना मिळाली असती.

बाबांनी खिशातली डबी काढली. बडीशेपेची बाजू रिकामी केली आणि ताटातले हिरवे दाणे तिच्यात भरू लागले. मग डबीकडेच बघत म्हणाले, ‘आधी घरात महिन्याला पाव किलो बडीशेप लागायची. हल्ली शंभर ग्रॅम पुरते.’

मी गप्प.

‘तीस वर्षं तंबाखू खाल्लीय मी. मला वास कळणार नाही होय?’

एका क्षणात तो जानेवारीतला सगळा सीन डोळ्यांपुढून गेला. माझं ते लेक्चर आणि त्यांची ती खाली घातलेली मान. म्हणजे तेव्हाही त्यांना माहीत होतं. मी कसंबसं विचारलं, ‘मग बोलला का नाहीत काही?’

बाबांनी डबीचं झाकण लावलं. ‘कुठल्या तोंडाने बोलणार होतो?’

ते हसले. मला हसता आलं नाही. मी ताटातली एक कोवळी छत्री उचलली आणि दाणे तोंडात टाकले. आधी पाणी, मग गोड, मग थंड. या वेळी त्याखाली लपवायला काहीच नव्हतं.

सिगरेट सोडून आता सात महिने झालेत. कायमची सुटली असं मी म्हणणार नाही. सहा ते सात हा तास अजूनही आहेच. बाबांचा चट्टा फिका झालाय, पण पुढची तपासणी जुलैत आहे, आणि त्या आठवड्यात घरात पुन्हा कुणी मोठ्याने बोलणार नाही, हे मला माहीत आहे. बाल्कनीत अजून दोन-तीन तोडण्या होतील. मग झाडं बुडापासून वीतभर ठेवून छाटायची, म्हणजे पावसाळ्यानंतर पुन्हा फुटतात का ते बघता येईल. बडीशेप खरं तर एका वर्षात संपणारं झाड नाही.

ताटाचा फोटो मी मैत्रिणीला पाठवला, तिने बांना दाखवला. वाटलं होतं, कौतुक येईल, नाहीतर ‘एवढीच?’ म्हणून हसतील. अर्ध्या तासाने बांचा व्हॉइस मेसेज आला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी हाक मारतंय, आणि घाईघाईत एकच वाक्य.

‘लीली छे त्यां सुधी खाई लेजो.’

हिरवी आहे तोवर खाऊन घ्या.

तुमच्या बाल्कनीत बडीशेप

कधी : ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात. उन्हाळ्यात लावायच्या भानगडीत पडू नका.

बी : न भाजलेलं, साखरेचं कोटिंग नसलेलं आणि शक्यतो नवं. बियाण्यांच्या दुकानातून घेतलेलं उत्तम.

कुंडी : किमान 12 इंच खोल, तळाला भोक असलेली. एका कुंडीत दोनच झाडं. उंच वाढली की काठीचा आधार द्या.

ऊन-पाणी : रोज पाच-सहा तास ऊन. माती ओलसर हवी, चिखल नको. दाणे भरले की पाणी कमी करा.

कीड : मावा आला तर पाण्याची धार. लेडीबग दिसले तर त्यांना त्यांचं काम करू द्या.

धीर : पेरणीपासून दाण्यापर्यंत पाच-सहा महिने. पानं मात्र दीड-दोन महिन्यांत खायला मिळतात.

वाळवण : सावलीत, सुती कापडावर. पूर्ण वाळल्यावरच बरणीत भरा.

वरियालीचं सरबत

अर्धी वाटी बडीशेप जाडसर कुटून दोन वाट्या पाण्यात तीन-चार तास भिजवा. मिक्सरमधून काढून गाळून घ्या. चवीप्रमाणे खडीसाखरेची पूड, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घाला. दुप्पट गार पाणी घालून प्या. आवडत असतील तर भिजवताना चार काळ्या मनुका टाका. मे महिन्यात ऑफिसमधून घरी आल्यावर यासारखं दुसरं काही नाही!

आणि हो... तंबाखू किंवा सिगरेट सोडायची असेल, तर नुसत्या बडीशेपेवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा 1800-11-2356 या राष्ट्रीय टोबॅको क्विटलाइनच्या टोल फ्री नंबरवर बोला.